चांदी अस्वल पहिल्या अनुसूचीत, मग माळावरचा चंडोल मागे का?

माळकरी (बीड)
बालाघाटाच्या माळांवर साइक्सचा चंडोल आहे. डोक्यावर तुरा, अंग तांबूस, गाताना दुसऱ्या पाखरांचे आवाजही काढतो. भारताबाहेर तो कुठेच नाही. चांदी अस्वल (हनी बॅजर) मात्र आफ्रिकेपासून भारतापर्यंत पसरलेलं. आययूसीएन या निसर्ग-संवर्धनाच्या जागतिक संस्थेच्या यादीत दोघंही 'कमी चिंतेचे'. तरी 2022 च्या दुरुस्तीआधी वन्यजीव कायद्यात चांदी अस्वल पहिल्या, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या अनुसूचीत आणि चंडोल सगळे सरसकट चौथ्या. जो फक्त आपल्याच देशात आहे, त्याला पहिली अनुसूची मिळालीच पाहिजे.

गोदाकाठ (नांदेड)
नाही पटलं, दादा. चांदी अस्वलाला एका वेळी एक-दोनच पिल्लं होतात आणि ती वर्षाहून जास्त काळ आईजवळ राहतात. फिरायला मुलूखही मोठा लागतो. एक मादी फासात गेली तर ती जागा लवकर भरत नाही. चंडोलाची वीण दरवर्षी होते.

वाचक (लातूर)
चांदी अस्वल मुंगसाच्याच कुळातलं ना? मुंगसं तर बांधाबांधावर दिसतात.

गोदाकाठ
नाही ताई. मुंगूस मांजर-तरसांच्या बाजूचं. चांदी अस्वल वीझल या लहान, लांबट शिकारी प्राण्याच्या मस्टेलिडी कुळातलं, ती शाखा कुत्र्या-अस्वलांकडची. खरे वीझल आपल्या देशात हिमालय आणि ईशान्येच्या डोंगरांकडेच. याच कुळातलं आपलं पाणमांजर आययूसीएनकडे 'असुरक्षित' आहे. दर्जा कुळाला नसतो, एकेका जातीला असतो.

माळकरी
मग चंडोलांचं अख्खं कुळ एका ओळीत का उरकलं? जगातल्या निम्म्याहून जास्त पक्षीजाती चंडोलाच्याच पॅसेरिफॉर्मिस गणात येतात, म्हणून एकेकीला किंमत नाही का? हा जमिनीवर, गवताच्या झुबक्याआड घरटं करतो. गायरान नांगरलं, नाहीतर झाडं लावायला खड्डे खोदले, की वीण गेली. माळावर झाडं लावणं म्हणजे निसर्गसेवा असं समजतात, याचाच मला जास्त राग येतो.

गोदाकाठ
त्यावर अनुसूची काय करणार? घरटी-अंडी मोडणं कायद्यात आधीच शिकारीत धरलंय. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकाऱ्याला किमान 3 वर्षं कैद आहे, पण खड्डे खोदणारा स्वतःला शिकारी समजतच नाही. कागदावर माळ 'पडीक' आहे तोवर पाखरू कुठल्याही अनुसूचीत टाका, जमीन जाणारच. गवताळ माळ म्हणून नोंद मागा, सही मी करतो.

माळकरी
सही घेतोच. पण अनुसूचीची मागणी सोडणार नाही. ग्रामसभेत नुसतं 'चंडोल वाचवा' म्हटलं तर विषय पुढच्या सभेवर जातो. 'पहिल्या अनुसूचीतला पक्षी' म्हटलं तर ग्रामसेवकाला ते इतिवृत्तात लिहावं लागेल.