एडिटरवर बंदी घालणाऱ्या टीम लीडना उत्तर

रात्रपाळी:
परवा इथेच एका टीम लीडनी लिहिलं होतं: 'आमच्याकडे कोड लिहायला सगळ्यांना एकच एडिटर, एकच कीमॅप (कोणती कळ काय करते ती मांडणी). स्वतःची कॉन्फिग, म्हणजे सेटिंगची फाइल, आणायला बंदी. एडिटर सजवणं हा छंद आहे, तो घरी जपा.' खाली टाळ्या वाजवणारेही बरेच होते. वाचून डोकं तापलं, म्हणून वेगळा धागा काढतेय.

एकसारखं काय हवं, तर जे रिपॉझिटरीत, म्हणजे टीमच्या सामायिक कोडसाठ्यात, जातं ते. कोडची मांडणी सारखी करणारा फॉरमॅटर, चुका दाखवणारं लिंट, कंपायलरची आवृत्ती, टेस्ट चालवायची कमांड. गो भाषेत गोएफएमटी हा फॉरमॅटर आला आणि ओळी आत सरकवायला टॅब की स्पेस हा वाद त्या भाषेपुरता संपला. पायथनवाल्यांना तसंच ब्लॅक मिळालं. व्हीएस कोड या एडिटरमध्ये तर यूजर सेटिंग (आपली) आणि वर्कस्पेस सेटिंग (प्रोजेक्टची) मुद्दाम वेगळी ठेवलीत, आणि दोन्हींचं जमलं नाही तर वर्कस्पेसचं चालतं. म्हणजे टीमचा शब्द शेवटचा आहेच. २०१६ मध्ये लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल, म्हणजे एडिटरला भाषेची माहिती पुरवायची सामायिक पद्धत, आल्यापासून तीच कोड कम्प्लीशन विम या एडिटरलाही मिळते, ईमॅक्सलाही. मग मी कुठल्या कळा दाबून फाइल उघडते याच्याशी लीडचा काय संबंध?

मी दिवसभर एका फाइलवरून दुसरीवर उड्या मारत लॉग वाचते. माझ्या शेजारचा मुलगा सकाळपासून एकाच क्लासमध्ये डीबगर लावून बसतो. दोघांना एकच खिडकी कशी पुरेल?

फेज३_लीड:
तो लीड मीच. आता माझंही ऐका.

आमच्याकडे एक सीनियर होता, अत्यंत हुशार. रात्री प्रॉडक्शन पडलं तेव्हा तो विमानात होता. रोलबॅक करायची, म्हणजे जुनी आवृत्ती परत आणायची, कमांड त्याच्या बॅशआरसीतल्या (टर्मिनलच्या खासगी सेटिंग फाइलमधल्या) एका फंक्शनमध्ये. गिटमध्ये नाही, विकीवर नाही. आम्ही त्याचा लॅपटॉप उघडून बसलो तर चालू कमांड थांबवायला कंट्रोल-सी दाबलं की भलतंच काही व्हायचं, कारण टर्मिनलच्या कळाही त्याने बदललेल्या. पहाटेपर्यंत क्लायंटच्या शिव्या मी खाल्ल्या. बंदी त्या रात्रीतून आली आहे.

शिवाय व्हीएस कोडचं एक्स्टेंशन, म्हणजे वरून बसवलेली जोड, तुमच्याच परवानग्यांनी चालतं. तुम्हाला जी फाइल वाचता येते ती त्यालाही वाचता येते, सर्व्हरवर शिरायच्या एसएसएचच्या किल्ल्यांसकट. कोणी काय बसवलंय हे मला कळलंच पाहिजे.

रात्रपाळी:
रोलबॅकची स्क्रिप्ट एकाच माणसाच्या होम डिरेक्टरीत राहिली, हा रिव्ह्यूचा दोष. ती रिपॉझिटरीतल्या मेकफाइलमध्ये (टीमच्या कमांडच्या फाइलमध्ये) असती तर तो विमानात असो नाहीतर चंद्रावर, तुमचं काही अडलं नसतं. शिक्षा मात्र सगळ्यांच्या कीमॅपला. एक्स्टेंशनचं म्हणाल तर मान्य, यादी ठेवा. पण यादी ठेवणं वेगळं आणि बंदी वेगळी.

जुना_टर्मिनल:
डिफॉल्टला लोक वेदवाक्य का मानतात? बिल जॉयने विमचा पूर्वज व्हीआय ज्या एडीएम-३ए टर्मिनलवर लिहिलं, त्यावर बाण एच-जे-के-एल या कळांवरच (व्हीआयमध्ये कर्सर त्यांनीच हलतो) छापलेले होते आणि सतत लागणारं एस्केप आजच्या टॅबच्या जागी होतं. त्या टेबलावर ते सोयीचंच होतं. पुढे एस्केप कोपऱ्यात गेलं, म्हणून लोक ते कॅप्स लॉकवर आणतात. यात छंद कुठला?

मनगटपट्टा:
छंद म्हणणाऱ्यांनी माझं मनगट घेऊन एक आठवडा काम करून दाखवावं. ईमॅक्समध्ये करंगळीने कंट्रोल दाबून दाबून हात कोपरापर्यंत दुखायचा, रात्री पोळ्या लाटता येत नव्हत्या. फिजिओथेरपिस्टने सांगितलं, ती हालचालच बंद करा. कॅप्स लॉकवर कंट्रोल आणला, ईमॅक्स सोडून विमच्या कळा घेतल्या, हात सुधारला. नंतर नोकरी बदलली तर तिथे लॅपटॉप लॉक केलेला. कळ बदलायला तिकीट टाकलं, तर आयटीवाले विचारतात, 'बिझनेस जस्टिफिकेशन काय?' माझा हात हे जस्टिफिकेशन नाही?

आणि टी. व्ही. रामन आपल्या पुण्याचेच. दृष्टी नसलेला हा माणूस वाडिया कॉलेजात गणित शिकला, मग आयआयटी मुंबई, मग कॉर्नेल, आणि १९९५ मध्ये त्यांनी ईमॅकस्पीक, म्हणजे बोलकं ईमॅक्स, दिलं. ईमॅक्सच्या मूळ फंक्शनना हात न लावता त्यांना लिस्प भाषेतून वरून 'ॲडव्हाइस' (फंक्शनभोवती चालणारा जादा कोड) जोडला आणि अख्खा एडिटर बोलता केला. ईमॅक्स बदलता येतो म्हणून हे झालं. तुमच्या नियमात रामन यांना नोकरी मिळाली असती का?

फेज३_लीड:
ताई, वैद्यकीय कारण असेल तर मी कधीच अडवणार नाही. पण दहापैकी नऊ जण हात दुखतो म्हणून येत नाहीत, थीम बदलायला येतात.

भाषांतर_बिल्ड:
मी लीडच्या बाजूने. आमचं ॲप कॅन्टीन चालवणाऱ्यांसाठी आहे, मराठी मजकूर माझ्याकडे. एका सहकाऱ्याने स्वतःच्या एडिटरमध्ये 'सेव्ह करताना अदृश्य अक्षरं काढून टाक' असं लावून ठेवलं होतं. त्याने त्या फाइलमधली एक इंग्रजी ओळ बदलली आणि बाकी फाइलमधले सगळे झेडडब्ल्यूजे, म्हणजे अक्षरं जोडणारी अदृश्य चिन्हं, उडाले. 'आचाऱ्यांसाठी सूचना' होतं, ते 'आचार्यांसाठी सूचना' झालं. 'दुसऱ्या पाळीची वेळ'चं 'दुसर्या' झालं. मराठी न वाचणाऱ्याने रिव्ह्यू केला, मर्ज झालं, ग्राहकाचा फोन आल्यावर कळलं. वैयक्तिक सेटिंगचा हा परिणाम.

इनस्क्रिप्टच:
चूक झेडडब्ल्यूजे वापरण्यात आहे. ऱ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये आहे, इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट-जे. त्याला हलन्त आणि य जोडला की अर्धा र आपोआप येतो, अदृश्य काही लागत नाही. तुमचा मजकूर मुळातच कच्चा होता.

भाषांतर_बिल्ड:
मजकूर कच्चा नव्हता. माझा फोनेटिक (उच्चाराप्रमाणे इंग्रजी कळांचा) लेआउट र, हलन्त, झेडडब्ल्यूजे असाच टाइप करतो आणि युनिकोडला तेही चालतं. हजारो जुन्या ओळी तशाच आहेत.

इनस्क्रिप्टच:
चालतं, पण शोधायला गेलात की दोन्ही रूपं जुळत नाहीत. दिसायला सारखी, नॉर्मलायझेशन (समान रूपं एक करणं) केलं तरी वेगळीच. वापरकर्ता 'आचाऱ्यांसाठी' शोधतो आणि निकाल शून्य. फोनेटिकवाल्यांनी मराठीचा डेटा नासवलाय, हे मी कितीदा सांगायचं? सरळ इनस्क्रिप्ट शिका.

भाषांतर_बिल्ड:
माझ्या बोटांनी काय शिकायचं ते ठरवणारे तुम्ही कोण? त्या लेआउटवर आयुष्य गेलंय माझं. इनस्क्रिप्टवर माझा वेग निम्मा होतो, डेडलाइन तुम्ही सांभाळणार का?

रात्रपाळी:
अहो, हेच तर मी वर लिहिलंय. कीबोर्ड तुमचा, पण फाइलमध्ये काय उतरतं ते टीमचं. सीआयमध्ये (कोड जमा झाला की आपोआप चालणाऱ्या तपासणीत) एक पायरी टाका, जी झेडडब्ल्यूजेवाला र शोधून त्याचा ऱ करेल. तुम्ही फोनेटिक वापरा, ते इनस्क्रिप्ट वापरतील, रिपॉझिटरीत एकच रूप राहील.

जुना_टर्मिनल:
आणि देवनागरी फाइल टर्मिनलमध्ये उघडायची सक्ती तरी करू नका. टर्मिनल म्हणजे सारख्या मापाच्या चौकटी. वेलांटी एकीकडे, अक्षर दुसरीकडे, कर्सर तिसरीकडेच. ईमॅक्स २७ मध्ये, २०२० साली, अक्षरं जुळवणारं हार्फबझ आल्यापासून त्याच्या खिडकीत जोडाक्षरं नीट दिसतात. मी कोड विममध्ये लिहितो आणि मराठी मजकूर ईमॅक्समध्ये. एकाच एडिटरच्या नियमात माझं निम्मं काम अडेल.

इनस्क्रिप्टच:
सीआयची कल्पना बरी आहे. पण मूळ दुखणं फोनेटिकच, यावर मी ठाम आहे.

भाषांतर_बिल्ड:
ठाम राहा. रात्रपाळी, एक अडचण. ती पायरी सरसकट सगळ्या झेडडब्ल्यूजेंवर चालवली तर इमोजी तुटतील, कुटुंबाच्या इमोजीतही तोच जोडणारा असतो.

रात्रपाळी:
बरोबर. म्हणून फक्त र, हलन्त, झेडडब्ल्यूजे एवढाच क्रम पकडायचा, बाकी झेडडब्ल्यूजेंना हात लावायचा नाही. आणि आधी फक्त इशारा द्यायचा, बिल्ड पाडायची नाही.

फेज३_लीड:
धागा माझ्या नियमावर होता, तो र-वर गेला. असो. कीमॅप, फॉन्ट, थीम, एडिटर कोणता, यावरची बंदी काढायला हरकत दिसत नाही, कारण बिल्ड आणि रोलबॅक आता मेकफाइलमध्ये आहेत. पण एक्स्टेंशनची यादी राहणार, आणि यादीबाहेरचं हवं असेल तर मला विचारायचं. यावर मागे हटणार नाही.

मनगटपट्टा:
यादीत नाव घालायला किती दिवस घेणार तेही लिहा. माझं तिकीट आयटीकडे अजून उघडंच आहे.