मदत हवी आहे: गिटारवर तिसऱ्या बीटला स्ट्रमिंग उलटं होतंय

ढिला_पिक: तारांवर हात खाली म्हणजे डाऊन, वर म्हणजे अप. पॅटर्न: डाऊन, डाऊन-अप, अप-डाऊन-अप. नुसता पॅटर्न जमतो, गाण्यात लावला की तिसऱ्या बीटपाशी सगळं उलटं. व्हिडिओ सुचवू नका, पाहून झालेत. शनिवारपर्यंत बसवायचंय.

सहावी_तार: स्पीड किती? कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) कुठे बदलतेय? मेट्रोनोम, म्हणजे ठेक्याची टिकटिक, लावता का? एवढ्यावरून काय कळणार!

पिकपुराण: पिक, म्हणजे तारा छेडायची चकती, जाड असणार, अपला तारेत अडकतो. ०.६० मिमीचा घ्या, टोक जेमतेम २-३ मिमी बाहेर ठेवा.

ढिला_पिक: मिनिटाला ११० बीट. सी वरून एफ. मेट्रोनोम नाही. पिक ०.७३.

केहरवा_आठ: पिकला कशाला दोष? एका बारची, म्हणजे चार बीटची, आठ घरं मोजा, बीटला दोन. तुमच्या पॅटर्नमध्ये दुसरं आणि पाचवं रिकामं. दुसऱ्यात हात आपसूक वर जातो, पुढे डाऊन असतो ना. चौथ्याचा अप मारून मात्र हात वरच थबकतो, मग सहाव्या घरातला अप डाऊन म्हणून पडतो आणि पुढचं सगळं फिरतं. आठ मात्रांच्या केहरवा तालात पाचव्या मात्रेला खाली (टाळी नसलेली जागा) आहे. तिथे तुमचा हातही खालीच जायला हवा, तारांना न लागता. डाव्या हाताची बोटं तारांवर नुसती टेकवून म्यूट करा. ६० वर आठही घरं वाजवा, मग दुसरं-पाचवं हवेतून. सलग १६ बार न चुकता झाले की ४ ने वाढवा. कॉर्ड त्यानंतर.

दोन_आणि_चार: ६० वर मनगट लाकडासारखं होतं. ७५ घ्या, टिक फक्त दोन आणि चारला.

केहरवा_आठ: ज्याला तीन सापडत नाही त्याला दोन-चार देऊन काय होणार?

पंचवटीकर: आपला नाशिक ढोल ऐका की. ढोलाचे ठोके मोजके, ताशाच्या काड्या मधेही चालूच. मनगट ताशा, तारा ढोल. यंदा गंगापूर रोडला पथकाचा सराव कुठे आहे, कोणाला माहीत?

बार_नको: एफचा पूर्ण बार (एका बोटाने सहाही तारा दाबणं) सोडा, पातळ चार तारांचा छोटा एफ धरा.

सहावी_तार: ते विचारलंय कुठे? पण बदलासाठी एक सांगतो, आठव्या घरातला अप मोकळ्या तारांवर गेला तरी चालतो. तेवढ्यात बोटं उचला.

ढिला_पिक: आरशात पाहिलं, पाचव्याला हात खरंच वर राहतो. म्यूट करून ६८ पर्यंत गेलं. ७२ ला पायाचा ठेकाच थांबतो.

सहावी_तार: पाय कितव्या घरांना टाकताय? एक, तीन, पाच, सात की आठही?