कन्फर्म तिकीट असून गेटवर अडवलं, व्हाउचर घेऊ का?

वैतागवाडी:
तिकीट तीन महिने आधी काढलेलं. काउंटरवर बोर्डिंग पास दिला पण त्यावर सीट नंबरच नाही, म्हणे गेटवर मिळेल. गेटवर गेलो तर फ्लाइट फुल्ल, तुम्ही उद्या सकाळी जा, आणि वर एक कागद पुढे केला की इथे सही करा, व्हाउचर देतो. अजून केली नाहीये. कस्टमर केअरला पाऊण तास तीच टुणटुण ऐकली आणि मग फोन कट. चॅटवर बॉट, काहीही विचारा, "गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत". एकच सीट दोघांना विकायची हे चालतं कसं काय??

खिडकीजवळचा:
सही करू नका!! आधी नीट वाचा, बऱ्याचदा त्यात लिहिलेलं असतं की तुम्ही स्वखुशीने सीट सोडली, मग ते देतील तेवढ्यावरच गप्प बसायचं. फ्लाइट युरोपियन युनियनमधून सुटणारी असेल तर २६१/२००४ हा नियम आहे, अंतराप्रमाणे २५०, ४०० किंवा ६०० युरो, शिवाय जेवण आणि रात्र काढायची तर हॉटेल. तुमच्या सहीशिवाय पैशाऐवजी व्हाउचर गळ्यात मारता येत नाही. अमेरिकेत किती उशिरा पोचता त्यावर एकेरी भाड्याच्या २०० किंवा ४०० टक्के, त्याला वर मर्यादा आहे, आणि तासाभराच्या आत पोचवलं तर काहीच नाही.

रनवे_राजा:
चालतं, कारण काही लोक तिकीट काढून येतच नाहीत, त्या रिकाम्या सीट कंपनीला आधीच विकायच्या असतात. अंदाज चुकला की तुमच्यामाझ्यासारखा लटकतो. १९७२ मध्ये राल्फ नेडरलाच असं मागे ठेवलं होतं, अख्ख्या अमेरिकेत नेमका ग्राहक चळवळवाला सापडला त्यांना 😂 प्रकरण १९७६ मध्ये सुप्रीम कोर्टात गेलं. पैसे घेऊन स्वखुशीने कोण मागे थांबतंय ते आधी विचारा ही आयडिया ज्युलियन सायमन या अर्थतज्ज्ञाची, कंपन्यांनी कित्येक वर्षं तिची टर उडवली.

वैतागवाडी:
सही नाही केली. लेखी कारण मागितलं तर गेटवरची बाई म्हणाली सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही.

खिडकीजवळचा:
मग तिथूनच ईमेल टाका, वेळ लिहून. आणि तो बिननंबरी बोर्डिंग पास परत मागतील, देऊ नका, तुम्ही वेळेत पोचला होता याचा तोच पुरावा आहे. निदान फोटो तरी काढा आत्ता.