मदत हवी आहे : १९६९ एस सेंट, डबल डाय की नुसतं मशीन डबलिंग?

नमस्कार मंडळी. परदेशी नाण्यांची डबी चाळताना अमेरिकेचा १९६९ चा लिंकन सेंट हाती लागला. सालाखाली बारीक 'एस', म्हणजे सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचा. दहापट भिंगाखाली धरला आणि छातीत धडधडायलाच लागलं, आकडे दुहेरी! याच साली याच टांकसाळीतून डबल डाय (म्हणजे नाणं पाडायच्या ठशावरच, डायवर, चित्र दुहेरी उठलेलं) सेंट निघालेत आणि ते फार दुर्मीळ आहेत, एवढं वाचून होतो. रात्री झोप कसली येतेय.

सकाळी डोकं थंड करून परत पाहिलं, तर शंका यायला लागल्या. दुसरी रेघ सपाट आहे, पायरीसारखी, नाण्याच्या अंगाला जवळजवळ टेकलेली आणि चकचकीत. मूळचा उंच आकडा मात्र शेजारच्या साध्या सेंटपेक्षा बारीक वाटतो. 'लिबर्टी'वर किंचित फरक आहे, 'इन गॉड वी ट्रस्ट'वर काहीच नाही. वजन ३.१ ग्रॅम, म्हणजे ठीक. नाणं धुतलेलं नाही (मागे एक धुऊन पस्तावलोय). काय समजायचं?

प्रतिसाद १ : बाकी सगळं राहू द्या, 'एस' कसा दिसतो ते सांगा. तोही सरकलाय का?

कारण असं की त्या काळी सेंटच्या हबवर (ज्या मूळ ठशाने दाबून डाय बनवतात त्यावर) टांकसाळीची खूण नसायची. ती १९९० च्या आधीपर्यंत प्रत्येक डायवर वेगळा पंच ठोकून उठवत. डबल डाय होतो तो हबच्या दोन दाबांच्या मध्ये डाय जरासा फिरला तर. मग साल दुहेरी उठेल, अक्षरं दुहेरी उठतील, पण मागाहून ठोकलेला 'एस' एकेरीच राहणार. मशीन डबलिंगचं तसं नाही. नाणं पाडताना डाय सैल असेल तर तो नुकत्याच उठलेल्या धातूला घासून जातो. त्याला साल काय आणि 'एस' काय, सारखंच.

धागाकर्ता : बघितलं. 'एस'सुद्धा सरकलाय, त्याच बाजूला, तसाच सपाट.

प्रतिसाद २ : मग झालं, मशीन डबलिंग. आकडा बारीक झालाय म्हणालात तिथेच मला वास आला होता. खऱ्या डबल डायमध्ये अक्षर जाड होतं, दोन्ही प्रतिमा गोलसर आणि उठावदार असतात, टोकांना खाच दिसते. शिवाय १९६९ एस च्या खऱ्या नाण्यावर 'इन गॉड वी ट्रस्ट' ठळक दुहेरी असतं. तुमच्याकडे तिथे काहीच नाही.

डबीत १९७२ चे सेंट असतील तर तेही बघून घ्या. प्रसिद्ध डबल डाय आहे तो खूण नसलेला, फिलाडेल्फियाचा.

धागाकर्ता : धन्यवाद दोघांनाही. १९७२ चे तीन निघाले. दोनांवर 'डी' (डेन्व्हर टांकसाळ), एक बिनखुणेचा. भिंग पुसून घेतोय.