आभाळ भरलेलं असतानाही डोळे भाजतात का?? स्की गॉगलबद्दल सांगा

बर्फातलीबाई:
काल स्कीचा दुसराच दिवस, आभाळ गच्च, ऊन नावालाही नाही. गॉगलवर आतून सारखी वाफ धरत होती, दर पाच मिनिटांनी काढा, हातमोज्याने पुसा, परत घाला, शेवटी वैतागून तो हेल्मेटवर चढवला तो दुपारभर तसाच. संध्याकाळी काहीच नव्हतं हो, छान जेवले, आडवी झाले आणि मग जे सुरू झालं... डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखं खुपतंय, घळाघळा पाणी, मोबाईलचा उजेडसुद्धा सहन होत नाही. हे नवरा टाईप करतोय, मी डोळे मिटून सांगतेय. ऊनच नव्हतं तर हे कशाने? आणि आता चांगला काळाकुट्ट गॉगल घेऊ का?

थेंबेथेंबे:
अहो हे स्नो ब्लाइंडनेस दिसतंय, डॉक्टरी भाषेत फोटोकेरायटिस. कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचा, सनबर्न समजा. त्रास बहुतेक वेळा ६ ते १२ तासांनी सुरू होतो म्हणून डोंगरावर असताना पत्ताच लागत नाही. ढग उजेड अडवतात पण यूव्ही (अतिनील किरणं) बऱ्यापैकी आरपार येतं, त्यात ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत यूव्ही परत वर फेकतो, म्हणजे टोपीची कड असून उपयोग नाही, मार खालून बसतो. शिवाय दर १००० मीटर चढलं की यूव्ही साधारण १० टक्क्यांनी वाढतं.
आत्ता खोलीत अंधार करा, मिटलेल्या पापण्यांवर गार ओला कपडा ठेवा, साधे आर्टिफिशियल टिअर्स (डोळे ओले ठेवणारे थेंब) चालतील. चोळायचं अजिबात नाही, कॉन्टॅक्ट लेन्स असतील तर काढून ठेवा. डोळे बधिर करणारे थेंब कुणी दिले तरी घालू नका, त्याने जखम भरायला वेळ लागतो. बहुतेकांचं एकदोन दिवसांत निवळतं, पण नजर धूसर झाली किंवा दुखणं वाढत गेलं तर वाट बघत बसू नका, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

घसरगुंडी:
काळाकुट्ट घेऊ नका!! काच किती काळी आणि यूव्ही किती अडतं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. यूव्ही४०० (म्हणजे ४०० नॅनोमीटरपर्यंतचं यूव्ही अडवणारी) लिहिलेलं असेल तर जवळजवळ पारदर्शक काचही काम करते, आणि यूव्ही न अडवणारी काळी काच उलट वाईट कारण अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि यूव्ही जास्तच आत शिरतं. गॉगलवर एस० ते एस४ असं काहीतरी असतं बघा, काच किती काळी त्याचा तो आकडा, एस३ मधून ८ ते १८ टक्के उजेड येतो, तो लख्ख उन्हाला ठीक. ढगाळ दिवशी एस१ घ्या, पिवळसर किंवा गुलाबी, नाहीतर सगळं पांढरंफटक दिसतं आणि पुढचा उंचवटा पायाखाली आल्यावरच कळतो (माझी बोर्डवरून पडण्याची निम्मी कारणं हीच).
आता वाफेचं. हेल्मेटवर चढवलात तिथेच चुकलं, डोक्याची गरम ओली हवा थेट आत जाते. आणि आतून पुसायचं नाही, अँटीफॉगचा (वाफ धरू न देणारा) थर तिथेच असतो, हातमोज्याने तो खरवडून निघतो. आत बर्फ गेला तर झटका, मऊ फडक्याने नुसतं टिपा. दुहेरी काचेचा घ्या. आणि नाकावरचा बफ (गळ्यातून नाकावर ओढायची कापडी नळी) गॉगलच्या खालच्या फोममध्ये खुपसत असाल तर तुमचा श्वासच आत जातोय.

चष्मेबद्दूर:
+१. चष्मा असेल तर ओटीजी म्हणजे चष्म्यावरून घालायचा गॉगल मिळतो, पण आधी चष्म्यासकट हेल्मेट घालून बघा, माझ्या काड्या कानशिलावर अशा दाबल्या जायच्या की तासाभरात डोकं ठणकायचं. नुसता उन्हाचा काळा चष्मा घालून जाऊ नका, बाजूने उजेड आणि वारा दोन्ही शिरतात.

बर्फातलीबाई:
आज स्वतः टाईप करतेय :) बरंच कमी आहे, पडदे मात्र अजून बंदच. गॉगल तपासला, बफ खरंच फोममध्ये खुपसत होते आणि आतल्या काचेवर माझ्या हातमोज्याचे गोल गोल ओरखडे आहेत. नवऱ्याचा गॉगल एस१ निघाला, उद्या तोच ढापणार, त्याला अजून सांगितलेलं नाही.