नेतृत्व शिकवताना आधी विचारायचा प्रश्न: कोणासाठी? (अनुभव धागा, नागपूर)

नमस्कार मंडळी,

शाळा-कॉलेजांत सध्या नेतृत्व विकास शिबिरांचं पेव फुटलं आहे. भाषण कसं करायचं, गट कसा सांभाळायचा, मुलाखतीत कसं बसायचं, सगळं शिकवतात. पुढे व्हायचं ते कोणासाठी आणि कोणत्या कामासाठी, हे मात्र कुणी विचारत नाही. माझं ठाम मत आहे की हा प्रश्न आधी यायला हवा. आपण हे कशासाठी करतोय ते ज्या पोराला उमगलं, त्याला माइकवर बोलायला शिकवणं अगदीच सोपं असतं.

नागपूर आणि आसपास मुलांसोबत काम करणाऱ्यांनी इथे लिहावं. मुलांना हेतू सापडताना तुम्ही काय पाहिलं? सिद्धांत कमी, प्रसंग जास्त. सुरुवात मी करते.

उत्तर नागपुरातल्या एका अभ्यासिकेत मी रविवारी जाते. एमपीएससीची तयारी करणारी मुलं-मुली असतात. अभिरूप मुलाखतीत ‘प्रशासनात का यायचंय?’ असं विचारलं की ‘समाजाची सेवा करायला मिळते’ हे छापील उत्तर ठरलेलं. मी पुढे विचारायची, ‘समाज म्हणजे कोण? ओळखीच्या एका माणसाबद्दल सांग.’ तिथे गाडी अडायची.

मग जूनच्या दाखल्यांच्या गर्दीत दोघादोघांनी एका सेतू केंद्राबाहेर बसायचं आणि लोकांना अर्ज भरून द्यायचे, असं ठरवलं. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रिमिलेअर हे त्यांना पाठच होतं. खरी परीक्षा जातीच्या दाखल्याची. अनुसूचित जातींना 1950 च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना 1961 च्या आधीचा, ओबीसींना 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. ज्यांचे आजोबा कधी शाळेतच गेले नाहीत, त्यांनी शाळेचा दाखला कुठून आणायचा? एक काकू पिशवीभर कागद घेऊन आल्या होत्या: रेशनकार्ड, लाइट बिल, लग्नपत्रिका, सगळं. कामाचं एकही नाही. आमच्यातल्या एका मुलीने चौकशी करून शोधून काढलं की गावच्या जुन्या कोतवाल बुकात जन्म-मृत्यूच्या नोंदीपुढे जात लिहिलेली असते आणि त्याची नक्कल पुराव्याला चालते. तिने स्वतःच्या अक्षरात तक्ता केला: कोणता कागद, कोणत्या कार्यालयात, सोबत काय न्यायचं. तो तक्ता आता झेरॉक्स होऊन फिरतोय. आणि तिला कुणी प्रमुख नेमलेलं नसताना बाकीचे तिलाच विचारतात, ‘ताई, याचं कसं करायचं?’

पुढच्या अभिरूप मुलाखतीत ती म्हणाली, ‘मॅडम, मले तहसीलदार व्हायचंय. माणसाला पहिल्याच खेपेत नीट सांगणारी खिडकी पाहिजे.’ इतकं सरळ उत्तर मी त्या खोलीत याआधी ऐकलं नव्हतं.

निवृत्त शिक्षक, महाल

ताई, तुमचं वाचून आमच्या शाळेसमोरची पाणपोई आठवली. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो. सुट्यांच्या आधी नववीच्या पोरांना मी विचारलं होतं, ‘या रस्त्यावर उन्हाचा सगळ्यांत जास्त त्रास कोणाला?’ कुणी म्हणालं रिक्षावाले, कुणी म्हणालं भाजीवाल्या. वर्गात शेवटच्या बाकावर बसणारा, एरवी तोंडातून शब्द न काढणारा एक पोट्टा म्हणाला, ‘सर, कचरा वेचणाऱ्या बाया. त्यायले कोणी दुकानावर पाणी देत नाही.’ त्याची आई तेच काम करायची, हे वर्गाला तेव्हा कळलं.

दोन रांजण आणले. त्यांना लाल कापड गुंडाळून ते सतत ओलं ठेवायचं, पाण्यात वाळ्याची जुडी सोडायची, रोज रात्री रांजण उपडा करून घासायचा. घासायचं काम सगळ्यांत कंटाळवाणं, म्हणून त्याने ते स्वतःकडे घेतलं. ओगराळं लांब दांड्याचंच पाहिजे आणि कुणीही स्वतः बुडवून घ्यायचं, वेगळा पेला कोणासाठी ठेवायचा नाही, हा नियमही त्याचाच. एका दुकानदाराने यावर कुरकुर केली, तेव्हा हा पंधरा वर्षांचा मुलगा त्यांच्याशी अदबीने पण मागे न हटता बोलला. मधे तो तापाने पडला. मी सकाळी रांजण भरायला गेलो तर त्याच्या वर्गातली पोरं आधीच हजर. ‘तो नसला तरी पाणी पाहिजेच न सर.’

दरवर्षी आम्ही मॉनिटरची निवडणूक घ्यायचो. त्या निवडणुकीत त्याला कुणी उभंही केलं नसतं.

एनएसएस कार्यक्रम अधिकारी

थोडक्यात लिहितो. एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) दोन वर्षांत 240 तास भरायचे असतात आणि सात दिवसांचं शिबिर. तास वहीत भरले जातात. हेतू भरता येत नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. आमची मुलं फावडी, घमेली घेऊन गाळ काढायला गेली. वडिलांचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान असलेला एक मुलगा गाळ सोडून घरोघरी फिरायला लागला. ‘काकू, मेन स्विच लावू नका, बोर्डात पाणी आहे. फ्रिज अजून लावू नका.’ तासाभरात बाकीचे त्याच्यामागे, प्रत्येक गल्लीत एक. गटप्रमुखाची यादी माझ्या खिशातच राहिली.

डॉक्टर, मेडिकल चौक

मी मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंगही आमच्याच कॉलेजचे. 1986 मध्ये त्यांनी गडचिरोलीत ‘सर्च’ ही आरोग्यावर काम करणारी संस्था सुरू केली आणि 2006 पासून तिथे तरुणांना आयुष्याचा हेतू शोधता यावा म्हणून ‘निर्माण’ चालतं. अभय बंग सेवाग्रामला गांधीजींच्या नई तालीमच्या शाळेत वाढले. काम करता करता शिकायचं, ही तिथली रीत ‘निर्माण’च्या शिबिरात जाणवते. मी शोधग्रामला, म्हणजे ‘सर्च’च्या आवारात गेलो तेव्हा नेतृत्वावर एकही व्याख्यान झालं नाही. माझ्यावर परिणाम झाला तो दवाखान्याचा. आदिवासींना मोठ्या इमारतीतल्या दवाखान्याची भीती वाटायची, म्हणून त्यांना विचारून तो झोपड्यांसारखा बांधला आणि नावही त्यांच्या देवीचं दिलं, माँ दंतेश्वरी. पुढे 39 गावांत नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला गावातल्याच बायांना शिकवलं: बाळाचं वजन करायचं, श्वास मोजायचे, न्यूमोनिया ओळखायचा. बालमृत्यू घटले आणि 1999 मध्ये ते ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. फार न शिकलेल्या त्या बाया गावातल्या खऱ्या पुढारी आहेत, हे मी मनापासून मानतो.

आता मी नर्सिंगच्या मुलींना शिकवतो. पहिल्याच आठवड्यात एका रुग्णाच्या नातेवाइकाशी बोलून यायला सांगतो. रात्री कुठे झोपला, काय जेवला, गोंदियाहून की बालाघाटहून आला, घरी गुरंढोरं कोण पाहतंय. पुस्तक त्यानंतर.

एक आई, त्रिमूर्ती नगर

सगळं पटतंय, तरी काळजीपोटी लिहिते. माझी मुलगी सतरा वर्षांची, नीटची तयारी करून राहिली. क्लास, टेस्ट सिरीज, त्यात आता ‘तुझ्या आयुष्याचा हेतू काय?’ असं विचारलं तर ती रडेलच. या वयात उत्तर असायलाच हवं, असा धाक नको.

(धागाकर्ती)

ताई, अगदी बरोबर, धाक नकोच. स्टॅनफर्डचे मानसशास्त्रज्ञ विल्यम डेमन यांनी किशोरवयीन मुलांच्या हेतूचा अभ्यास केला आहे. त्यांच्या मांडणीत हेतू म्हणजे स्वतःला अर्थपूर्ण वाटणारं आणि स्वतःपलीकडच्या जगाच्याही उपयोगी पडणारं काही साध्य करण्याचा टिकाऊ इरादा. दोन्ही बाजू हव्यात. नुसती नीटची रँक ही पहिलीच बाजू झाली, आणि नुसता त्याग मुलांना पेलत नाही. तुमच्या लेकीला आयुष्याचं विचारूच नका. ‘कोणाला बरं झालेलं पाहायला तुला आवडेल?’ एवढंच विचारा, तेही परीक्षा झाल्यावर.

फुटबॉल प्रशिक्षक, पूर्व नागपूर

हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी 2001 मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉल सुरू केला, तेव्हापासून या शहरात आमच्यासारख्यांना वाट मिळाली. माझ्याकडे मुलींचा संघ आहे. कॅप्टन मी गोल मारणारीला करत नाही. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकीला विचारतो, ‘तू आली नाहीस तर कोणाचं अडेल?’ एकीने सांगितलं, ‘सर, मी नाही आली तर गल्लीतल्या तिघीयले घरचे सोडत नाहीत. त्या माझ्याच सोबत येतात.’ पट्टी तिच्या दंडावर बांधली. ती बचावफळीत खेळते, गोल एकही नाही.

विद्यार्थिनी, वय 19

मी त्या तिघींसारखीच एक होते, फक्त दुसऱ्या संघातली. म्हणजे माझ्याही घरचे तसेच. आता मी बी.ए.ला आहे आणि संध्याकाळी लहान मुलींना मैदानावर घेऊन जाते. आधी प्रत्येकीच्या घरी जाऊन तिच्या आजीशी बोलते, कारण परवानगी आईच्या नाही, आजीच्या हातात असते. सर, पुढच्या हंगामात आमच्या संघाची तुमच्या मुलींशी मॅच ठेवाल का? बूट सहाच जोड आहेत, बाकीच्या अनवाणी खेळतील.