मदत हवी आहे: पुलाच्या उरलेल्या स्लॅबला किती माणसं, किती दिवस?

अभि_साइट: डेक स्लॅबचं, म्हणजे गर्डरवरच्या काँक्रीटच्या थराचं, काम चालू आहे. रोजचे घनमीटर भागिले रोजची हजेरी असं काढतोय, तर आकडा कधी शून्य, कधी आभाळाला. उद्या मीटिंगमध्ये अंदाज द्यायचाय. कोणाकडे सूत्र आहे का? लवकर सांगा.

गर्डरवाला: गर्डर (स्लॅबखालच्या तुळया) प्रीकास्ट की जागेवर ओतलेले? स्पॅन (दोन खांबांमधले गाळे) किती झाले, किती उरले? हजेरीत कोण कोण धरलंय?

अभि_साइट: प्रीकास्ट. सगळे स्पॅन सारखे, पाच झाले, सात उरले. हजेरी सगळ्यांची एकत्र.

सळई: घोळ तिथेच आहे. शटरिंगवाले (साचा बांधणारे) आणि फिटर (सळई बांधणारे) आधीचे कितीतरी दिवस राबतात, पण घनमीटर नोंदले जातात फक्त ओतायच्या दिवशी. मापं वेगळी करा: शटरिंग मनुष्य-तास प्रति चौरस मीटर, सळई प्रति टन, काँक्रीट प्रति घनमीटर.

विदा_प्रेमी: न्यूरल नेटवर्क (आकड्यांवरून शिकणारं संगणकाचं मॉडेल) लावा. तापमान, पाऊस, गँगची संख्या, सगळं घाला.

सळई: पाच स्पॅनवर? नेटवर्क नुसतं पाठ करेल, पुढच्या स्पॅनला तोंडावर पडेल.

विदा_प्रेमी: रोजच्या नोंदी घेतल्या तर आकडे पुरतील.

सळई: एकाच साइटच्या, एकाच गँगच्या नोंदी. त्यात फरक कुठून येणार?

मुकादम: आमच्याकडे अडायचं ते पंपावर. मिक्सरची फेरी लांबली की पंपाचा हॉपर (काँक्रीट ओतायचं भांडं) रिकामा, नीडल (काँक्रीट बसवायचा व्हायब्रेटर) हातात धरून सगळी गँग उभी. पंपाची कंपनी सांगते तो ताशी आकडा कधीच धरू नका. आणि क्युरिंग (काँक्रीट ओलं ठेवणं) सात दिवस तरी नीट करा, गोणपाट सुकू देऊ नका.

गर्डरवाला: क्युरिंगचं कोणी विचारलं नाहीये हो. अभि, सारखे स्पॅन असतील तर लर्निंग कर्व्ह बघा, म्हणजे हात बसेल तसे तास कसे घटतात ते. ९० टक्क्यांचा कर्व्ह म्हणजे स्पॅनची संख्या दुप्पट झाली की तास ९० टक्क्यांवर येतात. पहिल्याला शटरिंगचे ४०० तास लागले तर दुसऱ्याला ३६०, चौथ्याला ३२४, आठव्याला साधारण २९२. तुमचा टक्का तुमच्याच पाच आकड्यांवरून काढा. सरासरी धरलीत तर उरलेल्यांना नाहक जास्त माणसं मागाल.

अभि_साइट: हे जमेल. हजेरीपटावर ट्रेड लिहिलेला आहे, आज रात्री वेगळं करतो. पण तिसऱ्या स्पॅनला शटरिंगची गँग बदलली होती, तास एकदम वाढले. तो आकडा काढून टाकू का?

गर्डरवाला: अजिबात नको. नवी गँग आली की शिकणं बरंचसं पहिल्यापासून, म्हणून तिसरा स्पॅन हाच नव्या कर्व्हचा पहिला आकडा धरा. उरलेल्या सातांत हीच गँग राहणार आहे ना?

अभि_साइट: ठेकेदाराला विचारून सांगतो.